आयसम परत का आला

कोल्टर्स क्रॉसिंग, जॉर्जिया
१२ मार्च १९११

प्रिय टेम्पीताई,

नाताळातल्या तुझ्या पत्राचं उत्तर राहूनच गेलं, रागावू नकोस. नोव्हेंबरात शाळा जळाली तेव्हापासून मला श्वास घ्यायला फुरसत नाही. कोणी जाळली ते इथे कोणी विचारत नाही, मीही विचारत नाही. त्रेपन्न मुलं चर्चच्या बाकांवर गुडघ्यांवर पाट्या घेऊन बसतात. एकाच वेळी पाढे आणि स्पेलिंग चालतं आणि मी मध्ये उभा राहून ओरडतो. रविवारी प्रवचनाला उभा राहिलो की आवाज फुटत नाही. बायको असून हेस्टर म्हणते, मंडळींना तेवढाच आराम.

आता चांगली बातमी. मिस ऑगस्टा बेल्फोरनी मागच्या मंगळवारी मला बोलावून घेतलं. कॅप्टनसाहेबांची ही मुलगी आता स्मारक मंडळाची अध्यक्ष आहे. मागच्या व्हरांड्यात मला खुर्ची दिली. मी बसलो नाही, पण दिली खरी. एप्रिलच्या सव्वीस तारखेला दक्षिणेच्या सैनिकांचा स्मृतिदिन असतो, त्या दिवशी त्यांना आपल्या बाबांचा दगड उभा करायचा आहे. हो, बाबांचा. कॅप्टनसाहेबांच्या थडग्याच्या पायाशी बाबांना पुरलंय, तिथे आजवर नुसती लाकडी फळी होती. आता संगमरवर येणार. त्यावर लिहायचं ठरलंय: ‘आयसम. इमानी सेवक. धन्याला रणातून घरी आणले आणि त्याच्या दुःखाने प्राण सोडला.’

समारंभात मी बोलावं असं मिस ऑगस्टा म्हणाल्या. “तुझ्याशिवाय कोण बोलणार, अंकल गिडियन? आयसम आमच्या घरचाच होता.” (केस पिकले की गोरे आपल्याला ‘अंकल’ म्हणतात, ‘मिस्टर’ नाही.) आणि ताई, त्या दिवशी मंडळ आपल्या शाळेला दोन एकर जमीन आणि लाकूड देणार आहे. कागद तयार आहे.

बाबा गेले तेव्हा मी दहा महिन्यांचा होतो. तू सात-आठ वर्षांची असशील. मला त्यांच्याबद्दल जे माहीत आहे ते सगळं गोऱ्यांकडून ऐकलेलं. आई कधी बोललीच नाही. तेव्हा तुला जे आठवत असेल ते लिही. ते कसे चालायचे, काय खायचे, गाडी घेऊन आले तो दिवस कसा होता. लोकांना ऐकवण्यासारखं काहीतरी दे.

तुझा,
गिडियन

*

सिनसिनाटी, ओहायो
२० मार्च १९११

प्रिय गिडियन,

पत्र पोचलं. या आठवड्यात एका हॉटेलच्या तीनशे कॉलरी इस्त्रीला आल्यात, बोटं पेन धरायच्या लायकीची राहिली नाहीत, म्हणून थोडक्यात लिहिते.

मला फारसं आठवत नाही. बाबा उंच होते. त्यांना रताळी आवडायची, राखेत भाजलेली, सालासकट. बस.

भाषण करू नकोस. घसा बसलाय म्हण, तापाने पडलो म्हण. तसाही बसलेलाच आहे. दगड त्यांना बसवायचाय तर बसवू देत. आपण त्याच्याजवळ उभं राहायची काही गरज नाही.

हेस्टरला सांग, तिने पाठवलेली सुकी पीच मिळाली.

तुझी ताई,
टेम्पी

*

कोल्टर्स क्रॉसिंग
२९ मार्च १९११

प्रिय ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा हेस्टरला मोठ्याने वाचून दाखवलं, मला काही चुकीचं कळतंय का ते पाहायला. ती म्हणाली, “बाई रागावलेली आहे, पण तुमच्यावर नाही.” मग कोणावर?

बाबांचा मान होतोय आणि तू मला आजारी पड म्हणतेस. तू सत्तावीस वर्षं तिकडे आहेस. तुला जे वाटतं ते बोलून तू ट्राममध्ये बसून घरी जाऊ शकतेस. मी इथे आहे. गावात कुठेही गेलो की दुकानदार म्हणतो, “हा आयसमचा मुलगा,” आणि माझं काम होतं. दोन वर्षांपूर्वी सूतगिरणीजवळ त्या तिघा गोऱ्यांनी मला अडवलं होतं, आठवतं? तेव्हाही कोणीतरी म्हणालं, “सोडा रे, आयसमचा आहे,” आणि सोडलं. बाबांनी मला दुसरं काही ठेवलं नाही ताई, ही एक गोष्ट ठेवली. तिच्या आधाराने मी सत्तेचाळीस वर्षांचा झालो.

भाषण मिस ऑगस्टांनीच लिहून दिलंय. त्यात असं आहे: ॲटलांटाच्या खंदकात कॅप्टनसाहेब पडले. उत्तरेची फौज मैलभर अंतरावर होती. आयसमला पळून जायचं असतं तर तासाभरात पोचून गुलामीतून मोकळा झाला असता. पण त्याने धन्याचं शव गाडीत घातलं, जुलैच्या उन्हात सत्तर मैल खेचर हाकलं, मालकिणीच्या पायऱ्यांशी गाडी उभी केली, आणि आठवड्याच्या आत तोही झुरून गेला.

यातलं काय खोटं आहे? काही खोटं असेल तर सांग. नसेल तर मला उभं राहू दे.

गिडियन

*

सिनसिनाटी
५ एप्रिल १९११

गिडियन,

खंदक खरा. मैलभरावरची फौज खरी. गाडी, खेचर, सत्तर मैल, पायऱ्या, सगळं खरं. म्हणून तर ते खोडता येत नाही.

आईने मला शपथ घातली होती. ती गेली त्या वर्षी मी आले होते ना, तेव्हा पुन्हा घातली. म्हणाली, “त्याला कळलं तर त्याच्या डोळ्यांत दिसेल, आणि डोळ्यांत दिसलं की मारतील.” मी तिला शब्द दिला आणि बावीस वर्षं पाळला. पण तू त्या दगडाशी उभा राहून तो कागद वाचणार असशील तर तिचा शब्द मी आज मोडते. पत्र वाचून चुलीत घाल.

मैलभरावर सुटका होती, तरी बाबा परत आले. कारण आई, तू आणि मी इथे होतो. एवढंच. पण काळा माणूस एकटा सत्तर मैल जाणार कसा? चौकी चौकीला गस्तवाले. म्हणून ते कर्नलपुढे गुडघ्यांवर बसले आणि रडले, धन्याला घरी पोचवू द्या म्हणून. कर्नलने चिठ्ठी दिली. वाटेत चार चौक्या लागल्या. चारही ठिकाणी गोऱ्यांनी टोप्या काढल्या आणि नाकाला रुमाल लावून बाजूला झाले. कोणी विचारलं नाही, कोणी झडती घेतली नाही.

गाडी आली तो दिवस मला आठवतो. आईने मांस धुरवायच्या धूरघरामागे बाबांना राखेच्या साबणाने तीन वेळा घासलं, तरी वास जाईना. ते हसले. म्हणाले, “घासू नकोस क्रीसी, हाच माझा परवाना होता.” आईने विचारलं, कर्नलपुढे खोटंच रडलात का? तर म्हणाले, हो. मग म्हणाले, सगळंच नाही. कॅप्टन आणि ते एकाच वयाचे, लहानपणी एका ओढ्यात पोहलेले.

दुसऱ्या दिवशी अंत्यविधी झाला. बाबांनी पेटीला खांदा दिला. संध्याकाळी गोरी मंडळी जेवायला बसली तेव्हा आपण निघालो. रात्रभर चाललो. उजाडता उजाडता ओकमल्गी नदीच्या उतारावर आलो, तू आईच्या कडेवर होतास. अर्ध्या पाण्यात असताना मागे गस्तीचे घोडे आले. बाबांना गोळी लागली. नदीने नेलं. आपल्याला परत आणलं.

मालकिणीने सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, आयसम दुःखाने गेला. दुसरं काही कोणाच्या तोंडून निघालं तर त्याला सव्हानाच्या बाजारात विकायला उभं करीन. ती गोष्ट तेव्हा जन्मली. आता तिला संगमरवर मिळतंय.

इकडेही फार वेगळं आहे असं समजू नकोस. मागच्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्या सैनिकांचं संमेलन भरलं. निळे कोट आणि करडे कोट गळ्यात गळे घालून फोटोला उभे राहिले. माझ्या नवऱ्याच्या, वेस्लीच्या पलटणीतले पाचजण अजून जिवंत आहेत. त्यांना बोलावणं नव्हतं, कारण ते काळे. त्यांच्याकडे पाहिलं की युद्ध कशासाठी झालं ते आठवतं, आणि ते कोणालाच आठवायचं नाही.

टेम्पी

*

सिनसिनाटी
१८ एप्रिल १९११

गिडियन,

तुझं उत्तर नाही. रागावला असशील तर शिव्या लिहून पाठव, पण पाठव. रोज पोस्टमनची वाट पाहत खिडकीत इस्त्री करत बसते. काल एका वकिलाचा शर्ट जाळला.

तुला वाचायचं असेल तर वाच. तू काय ठरवलंस हे मला कळलं नाही तरी चालेल. तू जिवंत आहेस एवढं कळव.

टेम्पी

*

कोल्टर्स क्रॉसिंग
२७ एप्रिल १९११

ताई,

जिवंत आहे. काल समारंभ झाला.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी तुला खोटारडी म्हणालो. हेस्टरसमोर म्हणालो. पत्र चुलीत घातलं, आणि मग दोन आठवडे ते मला शब्दन् शब्द पाठ असल्याचं लक्षात येत राहिलं. मुलांना भागाकार शिकवताना चार चौक्या मोजायचो.

तीनशे माणसं होती. गोऱ्या बायका पांढऱ्या कपड्यांत, म्हातारे सैनिक पुढच्या रांगेत, आपली माणसं कुंपणापलीकडे. मिस ऑगस्टांनी पडदा ओढला. दगड सुंदर आहे ताई, ते खोटं कशाला बोलू. मग मला बोलावलं. कागद हातात होता. मी तो उघडला नाही. शाळेची जमीन डोळ्यांसमोर होती, आई होती. मी एवढंच म्हणालो, “माझा बाप मोकळा होऊ शकत होता. मैलभर चालायचं होतं. तो घरच्या माणसांसाठी परत आला.” आणि थांबलो.

मला वाटलं, आता उठतील. आता कोणीतरी ओरडेल. तर मिस ऑगस्टांनी रुमाल डोळ्यांना लावला. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. घरची माणसं म्हणजे त्यांना बेल्फोर वाटले. मी तीनशे लोकांसमोर खरं बोललो आणि एकाने ऐकलं नाही. आजच्या वर्तमानपत्रात माझं वाक्य चौकटीत छापलंय, ‘जुन्या काळच्या मायेची साक्ष’ म्हणून.

नाही, एकाने ऐकलं. पहिल्या रांगेत ॲम्ब्रोज टाट बसला होता, पिठाच्या गिरणीचा मालक. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे लेमोनेडकडे गेले तेव्हा काठी टेकत माझ्याकडे आला.

“तुला कोणी सांगितलं?” म्हणाला.

मी म्हणालो, “काय सांगितलं, साहेब?”

“मी सतरा वर्षांचा होतो,” तो म्हणाला. “आम्ही सहाजण होतो. बंदूक फक्त दोघांनी उडवली. प्रुइट गेला तेव्हापासून त्या दोघांतला मी एकटाच उरलोय.” मग त्या दगडाकडे बघत म्हणाला, “चाळीस वर्षं ऐकतोय की तो दुःखाने गेला. मधली काही वर्षं मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. फार बरी वर्षं होती ती.”

मी हातातला न उघडलेला कागद खिशात घातला.

“त्याने बुडी मारली असती तर सुटला असता,” तो म्हणाला. “पोहणारा माणूस. पण दोन्ही हातांनी पोर डोक्यावर धरलं होतं. वळता येईना, बुडता येईना. नुसता चालत राहिला. ते पोर तू.” आणि जाता जाता म्हणाला, “आता बोललास तेवढं पुरे. पुढचं बोलू नकोस. मी काही करणार नाही, पण मी एकटाच नाही इथे.”

ताई, तू लिहिलंस मी आईच्या कडेवर होतो.

कोणाचं खरं?

गिडियन

*

सिनसिनाटी
३ मे १९११

गिडियन,

त्याचं खरं.

मला वाटलं, एवढं तरी तुझ्यापासून दूर ठेवावं. तुझ्यासाठी ठेवलं असं म्हणत होते. पण ज्याने गोळी घातली त्याने सांगितलं आणि मी सांगितलं नाही, तेव्हा आता उरलेलंही लिहिते. हे आईलाही माहीत नव्हतं.

पाणी बाबांच्या छातीपर्यंत होतं. आई पुढे होती, ती पलीकडच्या काठाला लागत आली होती. तू बाबांच्या हातांत, डोक्याच्या वर. मी त्यांच्या मागे, त्यांच्या पट्ट्याला दोन्ही हातांनी धरून तरंगत होते. त्यांनी सांगितलं होतं, “पट्टा सोडायचा नाही, टेम्पी, काही झालं तरी.”

पहिली गोळी पाण्यात पडली. दुसरी लागली. ते खाली बसल्यासारखे झाले आणि तू पाण्यात पडलास. माझ्या हाताच्या अंतरावर. मी एक हात सोडून तुझा अंगरखा धरला. प्रवाह ओढत होता. एका हातात तू, एका हातात पट्टा. बाबा अजून जिवंत होते, गिडियन. त्यांची मान वळली, त्यांनी मला पाहिलं. मला दोन्ही धरवेना. मी पट्टा सोडला.

मी आठ वर्षांची होते. लोक म्हणतील, आठ वर्षांचं पोर काय करणार. मी स्वतःला तेच सांगत आले. पण लग्न झालं तेव्हा वेस्लीला म्हटलं, कमरेला पट्टा बांधू नकोस, खांद्यांवरून गॅलिस लाव. त्याने कधी कारण विचारलं नाही.

म्हणून मी गाव सोडलं. तुझं तोंड पाहिलं की मला वाटायचं, हा विचारेल. तू कधी विचारलं नाहीस, आणि रताळी मागायचास, अगदी त्यांच्यासारखी, सालासकट.

आता तुला माझ्याकडून काय हवं ते सांग. पुन्हा पत्र लिहू नकोस म्हणालास तरी मी समजेन.

टेम्पी

*

कोल्टर्स क्रॉसिंग
२२ मे १९११

प्रिय टेम्पीताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी मुलांना लवकर सोडलं आणि रिकाम्या चर्चमध्ये बसलो. एवढंच लिहितो: मी सत्तेचाळीस वर्षं जगलो, मला बायको आहे, चार मुलं आहेत, त्यातली धाकटी तुझ्यासारखी उलट बोलते. हे सगळं त्या दिवशी तुझ्या एका हातात होतं. बाबांनी तुला वळून पाहिलं ते का, हे मला बाप झाल्यावर कळतं. तुला कळत नसेल तर माझ्यावर विश्वास ठेव.

त्या रविवारी प्रार्थना झाल्यावर मी दारं लावायला सांगितली आणि मंडळींना सगळं सांगितलं. तुझ्या पट्ट्याचं सोडून, ते तुझं आहे. सांगून झाल्यावर कोणी हललं नाही. मला वाटलं, घाबरले. मग फिबी मावशी बोलली. ती आता ऐंशीची आहे, दिसत नाही, पण आवाज तोच.

“झालं का तुझं?” म्हणाली. “यात नवीन काय सांगितलंस?”

ताई, त्यांना माहीत होतं. पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला माहीत होतं. कॅप्टनच्या पायाशी पुरलेली पेटी फिबी मावशीच्या नवऱ्याने वाहून नेली होती. त्यात जळाऊ लाकडं होती. मालकिणीने स्वतः भरली.

“मग मला कोणी सांगितलं का नाही?” मी विचारलं.

मागून चर्चचा कारभारी डीकन रूबेन म्हणाला, “क्रीसीने आम्हाला शपथ घातली होती.”

“ते पहिली वीस वर्षं,” फिबी मावशी म्हणाली. “पुढे तू मोठा झालास, गोऱ्यांच्या व्हरांड्यात जायला लागलास. मग वाटलं, याला सगळं माहीत असेल आणि याने ते विकलं असेल. विकल्या गेलेल्या माणसाला काय सांगायचं?”

मला राग आला नाही. लाज वाटली. ती गोष्ट मला राखते असं मी समजत होतो, आणि तिच्यामुळे माझीच माणसं माझ्याशी इतकी वर्षं जपून बोलत राहिली.

मग मावशीने आणखी एक सांगितलं, ते तुलाही माहीत नाही. बाबांना नदीने नेलं, पण फार लांब नाही. उताराच्या खाली दोन मैलांवर वळण आहे, तिथे तिसऱ्या दिवशी आपल्या माणसांना सापडले. पाइनच्या झाडांत पुरलं. जागेवर काही ठेवलं नाही. दरवर्षी कोणी ना कोणी जाऊन तण काढून येतं. एवढी वर्षं, ताई. मला न सांगता.

काल आम्ही गेलो. काळ्यांचा जमाव नदीकडे निघाला असं दिसायला नको, म्हणून दोघं-तिघं करून, प्रत्येकाच्या खांद्यावर गळ. चाळीसएक माणसं, जशी काही मासे मारायला. वाटेत शेरीफच्या माणसाने रूबेनला विचारलं, काय लागतंय गळाला? रूबेन म्हणाला, “अजून काही नाही, साहेब.” फिबी मावशीला दोघांनी हातांच्या खुर्चीवर उचलून नेलं.

शाळेची जमीन मी घेतली. कागद झालाय, लाकूड पुढच्या आठवड्यात येईल. त्या बदल्यात दरवर्षी सव्वीस एप्रिलला त्या दगडापुढे हार ठेवायचा, असं मिस ऑगस्टांनी तोंडी सांगितलंय. मी ठेवीन. लाकडांच्या पेटीला हार घालीन आणि मुलांना चार भिंती देईन. तू काय म्हणायचं ते म्हण. हेस्टर यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पाइनमध्ये पोचल्यावर सगळे गोल उभे राहिले. गळ खाली ठेवले. प्रार्थना मी म्हणेन असं मला वाटलं होतं, पण मावशी म्हणाली, “प्रार्थना नंतर. आधी त्याचं सांग. पोरांनी ऐकलेलं नाही.”

म्हणून मी बाबांचं सांगायला लागलो. भाषणासारखं नाही, जसं आलं तसं. खंदक, कर्नल, चिठ्ठी, चार चौक्या. धूरघरामागे आईने घासलं ते. परवान्याचं सांगितलं तेव्हा म्हातारी माणसं हसली, त्यांनी ते तेव्हाही ऐकलं असणार. मग मी म्हणालो, “बुधवारी संध्याकाळी गोरी मंडळी जेवायला बसली, आणि आम्ही निघालो.”

“गुरुवार,” फिबी मावशी म्हणाली. “मी ताटं वाढत होते. गुरुवार होता.”

मी गुरुवार म्हणालो, आणि पुढे सांगू लागलो.

तुझा,
गिडियन